भर रस्त्यातली खुर्ची

ऑर्विल क्रुप्काला खुर्ची नको होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून त्याच्याबद्दल भलताच ग्रह व्हायचा. त्याला हवी होती घरासमोरची जागा, एका मोटारीपुरती, आणि तीही बायकोसाठी. लोरेटाच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, जुना सांधा काढून नवा बसवला होता आणि शुक्रवारी तिला हॉस्पिटलातून घरी सोडणार होते. टँबेरी स्ट्रीट हा पिट्सबर्गमधल्या पुष्कळ रस्त्यांसारखाच रस्ता कमी आणि कडा जास्त. खाली चर्चपाशी गाडी लावून नव्या गुडघ्यानं घरापर्यंत चढायचं म्हणजे गुडघा दुसऱ्या दिवशी परत करायची पाळी.

टँबेरी स्ट्रीटवर कुणाच्याही घराला गॅरेज नाही. गाड्या रस्त्याच्या कडेला लागतात, आणि बर्फ पडला की तिथला कायदा बदलतो. ज्यानं फावड्यानं बर्फ उपसून जागा मोकळी केली त्यानं घरातली एक खुर्ची आणून त्या जागेत ठेवायची आणि खुशाल कामावर निघून जायचं. संध्याकाळी परत येईपर्यंत जागा त्याची. हे कुठं लिहिलेलं नाही. नगरपालिकेला विचारलं तर ती म्हणते की हे बेकायदेशीर आहे. पण ज्या पोलिसानं येऊन ते सांगायचं, त्याच्या घरासमोरही त्याच्या आईची खुर्ची बर्फात उभी असते.

ऑर्विल एका छोट्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा आणि त्यातही त्याचा खास विषय होता सत्ता. एकानं दुसऱ्याला त्याच्या मनाविरुद्ध वागायला लावणं ही झाली सत्तेची पहिली पायरी. दुसऱ्याच्या मनातली गोष्ट चर्चेलाच येऊ न देणं ही दुसरी. आणि त्याच्या मनात ती गोष्ट मुळी उगवूच न देणं ही तिसरी, सगळ्यात पोचलेली. हे सगळं तो दरवर्षी फळ्यावर तीन चौकोन काढून समजावून सांगायचा, आणि मागच्या बाकावरची पोरं त्याच्यादेखत सँडविच खायची. घरातही फारसं वेगळं नव्हतं. कुत्रं होतं तोवर तेसुद्धा लोरेटानं सांगितलं तरच खाली बसायचं.

काही वर्षांपूर्वी त्यानं वस्तीच्या साप्ताहिकात या खुर्च्यांवर एक लेख लिहिला होता. सार्वजनिक रस्ता सर्वांचा असतो, त्यावर घरातलं फर्निचर मांडून मालकी सांगणं ही निव्वळ पुंडाई आहे, असा त्याचा मथितार्थ. लेख संबंध टँबेरी स्ट्रीटनं वाचला. कुणी काही बोललं नाही. फक्त त्या दिवसापासून लोक त्याला ऑर्विल म्हणायचं सोडून प्रोफेसर म्हणायला लागले, आणि ते ज्या सुरात म्हणत त्यात आदराचा भाग किती हे सांगणं कठीण होतं. तेव्हापासून तत्त्व म्हणून क्रुप्कांची गाडी हिवाळाभर खाली चर्चपाशी लागायची. लोरेटा एकदाच म्हणाली होती, "तत्त्व तुझं आहे ऑर्विल, पण चढ माझ्या गुडघ्याला चढावा लागतो." ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा हे वाक्य त्याला फार वेळा आठवलं.

म्हणून त्यानं रीतसर मार्ग धरला. नगरपालिकेला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई फोनवर आल्या. अपंगांसाठी राखीव जागेची पाटी मिळते, त्या म्हणाल्या. त्यासाठी अर्ज, डॉक्टरांचं पत्र, मग जागेची पाहणी, मग शेजाऱ्यांच्या हरकती, मग खांब रोवणाऱ्या खात्याकडे रवानगी.

"साधारण कधीपर्यंत होईल?" ऑर्विलनं विचारलं.

"जमीन गोठलेली असताना खांब रोवत नाहीत," बाई म्हणाल्या. "म्हणजे उन्हाळा धरा."

"बाई, माझी बायको शुक्रवारी येतेय."

मग बाईंचा आवाज एकदम घरगुती झाला. "साहेब, एक बोलू का? खुर्ची ठेवा की सरळ."

समोरच्या घरातला डॉम पास्कुझी निवृत्त प्लंबर होता आणि सल्ला द्यायला त्याला फोनवर ताटकळत ठेवायची सवय नव्हती. ऑर्विल बर्फ उपसत असताना तो कॉफीचा मग घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. स्वतः फावडं धरलं नाही, पण कुठं धरायचं ते सांगत राहिला.

"प्रोफेसर, जागा तर झकास झाली. आता खुर्ची कुठली ठेवणार? हे बघा, समुद्रावरची घडीची खुर्ची अजिबात नको. लोकांना वाटतं हा माणूस सुट्टीवर आहे. प्लॅस्टिकची नको, वाऱ्यानं उडते. फार चांगलीही नको, चोरीला जाते. आणि चाकांची तर मुळीच नको."

ऑर्विलनं मान डोलावली. पण घरात गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या लोरेटाच्या आईच्या आहेत, त्यांना हात लावायची त्याची छाती नव्हती. उरली ती त्याच्या अभ्यासिकेतली चाकांची. चाकांखाली त्यानं विटा लावल्या. विटा बर्फावर, बर्फ उतारावर. खुर्चीनं दुपारपर्यंत दम धरला आणि मग ती निघाली.

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस होते, ज्यांत मटण वर्ज्य पण मासे चालतात, आणि त्या दिवशी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांची विक्री होती. बाहेर रांग लागली होती. वरून एक रिकामी खुर्ची गिरक्या घेत येतेय हे पाहून रांगेनं अदबीनं वाट करून दिली. ऑर्विल धापा टाकत खाली पोचला तेव्हा एक म्हातारबुवा त्या खुर्चीत बसून मांडीवर मासे आणि कोबीचं सॅलड घेऊन खात होते.

"माफ करा, पण ही खुर्ची माझी आहे," ऑर्विल म्हणाला.

"नाव लिहिलंय?" म्हातारबुवांनी खाणं न थांबवता विचारलं.

नाव लिहिलेलं नव्हतं. म्हातारबुवांचं सॅलड संपेपर्यंत ऑर्विल थंडीत उभा राहिला आणि मग खुर्ची ढकलत पुन्हा चढ चढला. पण प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून बसला. बरोबरच होतं त्यांचं. नुसती खुर्ची म्हणजे दांडगाई. तिच्या पाठीशी काही अधिष्ठान हवं, लोकांची संमती हवी, आणि संमती मिळवायची तर त्यांना कारण कळायला हवं. असा विचार जगात फक्त राज्यशास्त्राचा प्राध्यापकच करू शकतो, आणि तोही मोजे ओले झालेले असताना.

शेवटी मनाचा हिय्या करून त्यानं सासूबाईंची एक खुर्ची बाहेर आणली आणि तिच्या पाठीला प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून एक कागद बांधला. त्यावर लिहिलं होतं: 'ही जागा तात्पुरत्या स्वरूपात राखलेली आहे. राखणाऱ्याला या प्रथेच्या वैधतेविषयी स्वतःलाच गंभीर शंका आहेत. तथापि, पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे अपवादात्मक परिस्थिती निर्माण झाली असून, सुजाण नागरिकांनी तिचा सहानुभूतीनं विचार करावा. वेगळं मत असल्यास त्याचं स्वागत आहे.'

वेगळं मत असल्यास स्वागत आहे, हे त्यानं लिहायला नको होतं. संध्याकाळी पाहतो तर कागदाखाली लोकांनी मतं लिहिलेली. 'शंका आहेत तर जागा सोडा की.' 'माझ्या आईचं कंबरेचं हाड मोडलंय. गुडघ्यापेक्षा कंबर मोठी.' 'तथापि म्हणजे काय?' ऑर्विलला कमालीचा आनंद झाला. इतकी चर्चा वर्गात कधी झाली नव्हती. त्यानं दुसरा कागद जोडून प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिलं. कंबर आणि गुडघा यांतल्या तुलनेवर तर त्यानं दीड परिच्छेद खर्च केला.

गुरुवारी सकाळी त्या जागेत एक भलामोठा पिकअप ट्रक उभा होता. खुर्ची फुटपाथवर व्यवस्थित उचलून ठेवली होती आणि कागदावर शेवटी कुणीतरी लिहिलं होतं: 'सगळं वाचलं. पटलं नाही.'

उद्या लोरेटा येणार. तो ट्रकभोवती दोन फेऱ्या मारून आला, काचेतून आत डोकावला, एकदा तर टायरला हलकीशी लाथही मारली आणि स्वतःचाच अंगठा दुखावून घेतला. डॉम कॉफी घेऊन आलाच.

"मिसेस स्लिव्कांना भेटा," तो गंभीरपणे म्हणाला. "मी सांगितलं म्हणून सांगू नका."

मिसेस व्हर्ना स्लिव्का चढाच्या टोकाच्या घरात राहायच्या. वयानं ऐंशीच्या पुढे, अंगानं चिमणीएवढ्या. त्या कधी निवडणुकीला उभ्या राहिल्या नव्हत्या, कुठल्या समितीवर नव्हत्या, त्यांच्याकडे गाडीही नव्हती. तरी त्यांच्या दारासमोर हिवाळाभर लाल बैठकीची खुर्ची असायची आणि त्या रिकाम्या जागेत एखादं पाखरूही बसायला धजत नसे. त्यांचा सख्खा भाचा कधीकाळी एका अंत्यविधीला आला नव्हता. तेव्हापासून त्याला या रस्त्यावर गाडी लावायला मनाई होती आणि तो बापडा मावशीला भेटायला बसनं यायचा.

त्या स्वयंपाकघरात चर्चसाठी पिरोगी वळत होत्या. बटाट्याचं सारण, पिठाची पारी, बोटांची चिमटी. त्यांनी ऑर्विलला बस म्हटलं नाही. उभं राहूनच त्यानं सगळी हकिकत सांगितली.

"कागद लावलास तू," त्या म्हणाल्या.

"लोकांना कारण कळावं म्हणून..."

"मी कधी कुणाला कारण सांगितलंय?"

ऑर्विलनं आठवून पाहिलं. नव्हतं सांगितलं.

"कारण सांगितलंस की लोक विचार करायला लागतात," मिसेस स्लिव्का म्हणाल्या. "आणि विचार करायला लागले की प्रत्येकाला वाटतं आपलंही काहीतरी कारण आहे. काढ तो कागद. आणि माझ्या पायऱ्यांवरचा बर्फ या हिवाळ्यात तू काढायचास."

"आणि तो ट्रक?"

त्यांनी हात पुसले, भिंतीवरच्या फोनवरून एक नंबर फिरवला, दोन वाक्यं बोलल्या आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत ट्रक गेला. काय सांगितलंत, असं ऑर्विलनं दुसऱ्या दिवशी पायऱ्या साफ करताना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याच्या आईशी बोलले."

लोरेटा घरी आली. गाडी अगदी दारात लागली. तिला आत नेऊन बसवल्यावर ऑर्विलनं गाडी सवयीनं खाली चर्चपाशी नेऊन लावली आणि बिनकागदाची खुर्ची पुन्हा रस्त्यात नेऊन ठेवली, कारण लोरेटाला पुन्हा कुठं न्यायचं झालं तर जागा हवीच होती. मग वर अभ्यासिकेच्या खिडकीशी येऊन बसला. एक निळी गाडी चढावरून हळूहळू आली. जागेपाशी थांबली. चालवणाऱ्यानं खुर्चीकडे पाहिलं, जराशी मान हलवली आणि गाडी पुढे गेली. ऑर्विलच्या छातीत काहीतरी गुदगुल्या केल्यासारखं झालं. मग एक पांढरी आली. तीही गेली. सत्तेवर तो एक पुस्तक लिहीत होता, पण त्या दुपारी त्यानं त्याचं एक अक्षरही लिहिलं नाही. त्याचं ऐकून आजवर कुणी काही केलं नव्हतं, आणि आता त्यानं काही न बोलताही शहर त्याला वळसा घालून चाललं होतं.

लोरेटाला मात्र काळजी होती ती गुडघ्याची. ती चर्चच्या माडीवर ऑर्गन वाजवायची, आणि ऑर्गन नुसत्या हातांनी वाजत नाही, खालच्या लांबलचक पट्ट्या पायांनी दाबाव्या लागतात. सर्जननं बजावून सांगितलं होतं की पहिल्या काही आठवड्यांत गुडघा जेवढा वाकेल तेवढाच पुढे वाकेल. व्यायाम करून घ्यायला एक बाई घरी येणार होत्या. "ती आली की तिला रडेपर्यंत काम करू द्या," सर्जन म्हणाला होता, "म्हणजे तुम्ही रडेपर्यंत."

मार्च लागला. बर्फ वितळला, गटारं वाहायला लागली, चढावर चिखल आला. टँबेरी स्ट्रीटचा आणखी एक न लिहिलेला नियम होता: कडेचा बर्फ गेला की खुर्च्या आत. एकेक करून सगळ्या गेल्या. मिसेस स्लिव्कांची लालसुद्धा गेली. उरली एकच.

"बर्फ गेला, ऑर्विल," मिसेस स्लिव्का चर्चला जाता जाता म्हणाल्या.

"हो, पण आमच्याकडे परिस्थिती जरा..."

"खुर्ची तुझी," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

लोरेटानंही विचारलं. "माझ्या आईची खुर्ची पावसात का भिजतेय?"

"अगं, व्यायामाच्या बाई येणार ना! त्यांना गाडी लावायला जागा नको?"

कारण इतकं बिनतोड होतं की ऑर्विलचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. खिडकीशी बसणं त्यानं वाढवलं. कॉलेजातून आला की आधी वर. कुणी जागेपाशी जास्त वेळ रेंगाळलं तर तो काचेवर टिचकी मारायचा. लोक वर बघायचे आणि निघून जायचे. सकाळच्या झग्यावरच तो खाली येऊन खुर्ची उगाचच इंचभर सरळ करून जायचा. बर्फाचा कणही नव्हता तरी फावडं दाराशी टेकवलेलं असायचं.

आणि मग ती हिरवी गाडी आली. छोटीशी, एक दार चेपलेली. ती थांबली. आतून एक तरुण बाई उतरली, तिनं खुर्ची दोन्ही हातांनी उचलून फुटपाथवर ठेवली, गाडी जागेत घातली आणि मागच्या सीटवरची पिशवी काढायला वाकली. ऑर्विल जिना कसा उतरला ते त्याला आठवत नाही. फावडं त्यानं का उचललं हेही त्याला पुढे सांगता आलं नाही.

"ओ बाई! दिसत नाही का खुर्ची?"

ती दचकून वळली. "सर, मी फक्त..."

"फक्त! सगळे फक्तच असतात! ही जागा कुणी उपसली? मी! पाठीचा काटा ढिला झाला माझा! तुम्ही कुठल्या? वरच्या नव्या वसाहतीतल्या ना? तिकडं नाही का जागा?"

"सर, माझं नाव कॉलीन ब्रॅनिगन, मी..."

"मला नावाशी काय करायचंय? काढा गाडी! आत्ताच्या आत्ता!"

आवाज एवढा चढला की डॉम त्याच्या ओसरीवर आला. बाईनं पिशवी परत गाडीत टाकली. गाडी चढ उतरून गेली तेव्हा डॉमनं समोरून टाळ्या वाजवल्या, आणि ऑर्विलनं, खरं सांगायचं तर, थोडी मान झुकवून त्यांचा स्वीकार केला.

"कोण होतं?" लोरेटानं आतून विचारलं.

"कुणी नाही. वाट चुकलेलं कुणीतरी."

व्यायामाच्या बाईंची वाट बघण्यात ती दुपार गेली. दुसरी दुपारही गेली. मग लोरेटानं सांगितलं म्हणून ऑर्विलनं त्यांना पाठवणाऱ्या संस्थेला फोन लावला. संगीत वाजलं. मग एक मुलगी बोलली.

"तुमच्या घरून भेट नाकारल्याची नोंद आहे."

"नाकारली? कुणी?"

"एका पुरुषानं. अंगात झगा, हातात फावडं, वय अंदाजे सत्तर."

ऑर्विल एकसष्टचा होता. माणसाचं मन किती चमत्कारिक असतं पाहा, एवढं आकाश कोसळूनही त्याला पहिला चटका बसला तो त्या सत्तरचा. मग बाकीचं कळलं. आता सर्जनकडून नव्यानं शिफारस लागेल, ती मुलगी सांगत होती, मग विमा कंपनीची मंजुरी, मग आमच्या सुरक्षा विभागाचा शेरा. आमच्या कर्मचाऱ्यांना जिथं धोका वाटतो तिथं आम्ही लगेच पाठवत नाही.

धोका. ऑर्विलनं हा शब्द आयुष्यात पुष्कळदा वापरला होता, पण स्वतःसाठी वापरलेला त्यानं पहिल्यांदाच ऐकला.

लोरेटाला तो म्हणाला, "त्यांच्याकडे माणसं कमी आहेत सध्या."

"बिचारे," लोरेटा म्हणाली.

मग त्यानं माहितीपत्रक वाचून स्वतःच व्यायाम घ्यायचं ठरवलं. चष्मा नाकावर, पत्रक एका हातात, बायकोची टाच दुसऱ्या हातात. "रुग्णाची टाच सावकाश स्वतःकडे ओढावी. रुग्णाची की माझी?" तो विचारायचा. लोरेटानं दात आवळून हुं केलं की याचा हात आपोआप सुटायचा. तिला दुखलेलं त्याला बघवायचं नाही. त्यात प्रेम होतं, नाही असं नाही. पण गुडघ्याला प्रेम नको होतं, वाकवणारं कुणीतरी हवं होतं.

तपासणीला सर्जननं गुडघा वाकवून पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "एवढाच? बाई येत नाहीत का?"

"माणसं कमी आहेत म्हणे," लोरेटा म्हणाली.

"महिनाअखेर हा असाच राहिला तर भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल. ते काही बरं नसतं."

सांगून टाकू, असं परतीच्या वाटेवर ऑर्विलला प्रत्येक चौकात वाटलं, आणि प्रत्येक चौकात दिवा हिरवा झाला. घराशी आल्यावर तो उतरला, खुर्ची बाजूला केली, गाडी लावली आणि बायकोला उतरवून घेतलं. चढावर उतरत्या उन्हात सगळा रस्ता मोकळा होता. कुठंही लावता आली असती.

त्या शनिवारी डॉम पास्कुझी बायकोनं केलेलं गरम सूप घेऊन लोरेटाला भेटायला आला. बसला, गुडघ्याची चौकशी केली, आणि आजारी माणसाचं मन रमवावं म्हणून एक मजा सांगितली.

"वहिनी, तुमच्या प्रोफेसरांनी रस्त्याचं नाक राखलं हो! त्या हिरव्या गाडीवालीला काय पळवलंय! फावडं घेऊन! बिचारी नर्ससारख्या कपड्यांत होती, पिशवीतून ते रबराचे पट्टे लोंबत होते, ते व्यायामाचे असतात ना..."

बोलता बोलता डॉमचा आवाज हळू होत गेला. प्लंबरला गळती कुठं लागली ते जरा उशिरा कळलं, पण कळलं. सूप टेबलावर ठेवून तो निघून गेला.

ऑर्विलनं तोंड उघडलं. "हे बघ लोरेटा, त्या परिस्थितीत मला असं वाटणं स्वाभाविक..."

"माझा कोट दे."

"कशाला?"

"दे."

तिनं कोट घातला, चालायची चौकट, म्हणजे वॉकर, पुढे घेतली आणि दार उघडलं. घरी आल्यापासून ती एकटी बाहेर पडली नव्हती.

"अगं, मी आणतो ना खुर्ची आत. थांब, मी..."

"तू इथून हलायचं नाहीस," लोरेटा म्हणाली. आवाज चढवला नाही. तो हलला नाही.

दाराच्या पायऱ्या तिनं एकेक करून उतरल्या. आधी चौकट, मग वाईट पाय, मग बरा. दर पायरीला तिचा चेहरा आवळायचा. डॉम रस्ता ओलांडून पुढे झाला तर तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तोही थांबला. वरून मिसेस स्लिव्का आपल्या ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. लोरेटा फुटपाथवरून रस्त्यात उतरली. तिनं आपल्या आईच्या खुर्चीच्या पाठीला हात घातला आणि ती ओढायला लागली. थोडी खुर्ची, थोडी चौकट, मग पाय. खुर्चीचे पाय डांबरावर खरवडत होते. ते ऐकणं ऑर्विलला असह्य झालं, पण त्याला दारातून पाऊल पुढे टाकता आलं नाही, आणि आपल्याला कोण अडवतंय हे त्याला फळ्यावरच्या कुठल्याच चौकोनात बसवता येईना.

फुटपाथच्या कडेशी खुर्ची आणून ती तिच्यावर बसली. रडत होती, दुखण्यानं की रागानं, ते तिलाच ठाऊक.

"आता फोन कर," ती म्हणाली. "इथं, माझ्यासमोर. आणि कारणं द्यायची नाहीत."

ऑर्विल खाली आला आणि भर रस्त्यात उभं राहून त्यानं फोन लावला. संगीत वाजत राहिलं. कुणी घरात गेलं नाही. शेवटी ती मुलगी बोलली.

"मी क्रुप्का," तो म्हणाला. "झगा, फावडं, तो मीच. त्या बाईंची काही चूक नव्हती. माझी होती."

"नोंद करते," मुलगी म्हणाली. "गैरवर्तनाचं कारण काय लिहू?"

ऑर्विलनं लोरेटाकडे पाहिलं. आयुष्यभर त्याच्याकडे कारणांचा कधी तुटवडा पडला नव्हता.

"कारण नाही," तो म्हणाला.

कॉलीन ब्रॅनिगन पुढच्या आठवड्यात आली. हिरवी गाडी दारात लागली, त्या जागेत आता काहीच नव्हतं. पण आधी उतरला तो एक आडदांड गृहस्थ, संस्थेचा गणवेश घातलेला. नियमाप्रमाणे सोबत पाठवलाय, तो ऑर्विलला म्हणाला, काही मनावर घेऊ नका. एकसष्ट वर्षांचा, चष्मा लावणारा, सत्तेवरच्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात अडकलेला माणूस. त्याच्यापासून एका बाईचं रक्षण करायला सव्वादोनशे पौंड वजनाचा बाप्या धाडला होता. डॉम समोरून बघत होता. दुसरी कुठलीही वेळ असती तर ऑर्विलनं ही गोष्ट वर्गात रंगवून सांगितली असती.

त्यानं क्षमेचं एक भाषण तयार केलं होतं, उपोद्घातासकट. दार उघडून तो उंबऱ्यात उभा राहिला. कॉलीन पायऱ्या चढून आली आणि शेवटच्या पायरीवर थांबली. पिशवी तिनं छातीशी दोन्ही हातांनी धरली होती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती; बघत होती ती त्याच्या हातांकडे, हातांत काय आहे तिकडे.

"माफ करा," तो म्हणाला. भाषणातलं एवढंच बाहेर पडलं.

"ठीक आहे सर," ती म्हणाली, पण जागची हलली नाही.

तीस वर्षं तो ज्या सत्तेवर बोलत आला होता ती समोर उभी होती, खालच्या बाजूनं, एका मुलीच्या चेहऱ्यावर. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून लोरेटानं हाक मारली, "ये गं कॉलीन, ये आत." तरी ती थांबलीच. तेव्हा ऑर्विलच्या लक्षात आलं की आपण दारात उभे आहोत. तो बाजूला झाला. ती बघत राहिली. तो आणखी मागे सरकला, पार भिंतीला पाठ लागेपर्यंत, आणि रिकामे हात त्यानं तिला दिसतील असे पुढे धरले. मग ती आत आली.